सात गुण कमी

गाडी मरते कधी, हे मला कळतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यात दुसरं काही शिकलो नसेन पण एवढं शिकलो. लोक म्हणतात, इंजिन बसलं की गाडी गेली. तसं नसतं. इंजिन उघडता येतं, परत बांधता येतं. गाडी जाते ती त्याच्या कितीतरी आधी, ड्रायव्हर तिच्याशी जुळवून घ्यायला लागतो तेव्हा. दुसरा गिअर निसटतो म्हणून तो एका हातानं दाबून धरतो, दार लागत नाही म्हणून दोरी बांधतो, आणि विचारलं तर म्हणतो, चालतीय की राव. ज्या गाडीबद्दल 'चालतीय की' ऐकू आलं, ती त्याच महिन्यात मोडीत काढावी. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी काय केलं ते सांगतो. कुणी विचारलेलं नाही, मीच सांगतोय.

रिटायर झाल्यावर नारायणगावच्या बाजूच्या एका संस्थेनं मला वाहन विभागावर घेतलं. संस्था म्हणजे डायलिसिस सेंटर. दहा मशीन, आणि पेशंटला घरून आणायला-सोडायला तीन गाड्या. किडनी बंद पडलेल्या माणसाला आठवड्यातून निदान दोनदा चार-चार तास मशीनवर झोपावं लागतं. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं, आणखी दोन दिवस गेले की ते छातीत चढतं. म्हणून गाड्या वेळेवर निघाल्याच पाहिजेत. एक नंबरची गाडी पेठ-मंचर रस्त्याची, दोन नंबरची पिंपळवंडी-येडगाव बाजूची, आणि तीन नंबरची पश्चिम पट्ट्याची, म्हणजे जुन्नरच्या वर, भाताच्या आणि नाचणीच्या गावांतली. त्या तीन नंबरच्या गाडीत माझी धाकटी बहीण आशा बसायची.

आशाचे यजमान वरच्या एका गावात शाळामास्तर होते. ते गेल्यावरही ती खाली आली नाही, मुलीला घेऊन तिथंच राहिली. मुलगी प्रांजल, जुन्नरला एका मेडिकलच्या दुकानात कामाला. बीपीनं आशाच्या किडन्या गेल्या तेव्हा ती सेहेचाळीसची होती. मीच तिचं नाव सेंटरला लावलं, आणि त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगत सुटलो की रीतसर नंबरानं लागलंय, चार महिने थांबून. कुणी विचारलं नव्हतं. मला ती खोडच आहे.

खोड घरची आहे. आमचा बाप मेंढरं राखायचा. स्वतःची चाळीस आणि गावातल्या चार घरांची साठ, सगळी एकाच कळपात. उन्हाळ्यात डबक्यावर पोचला की तो दुसऱ्यांची मेंढरं आधी पाण्याला लावायचा आणि आमची मागं. मागच्यांना गढूळ मिळायचं, कधी तेही नाही. आई चिडायची. बाप म्हणायचा, "दुसऱ्याची राखनाऱ्यानं आपली मागं ठिवावी. कुनी बोट दावाया नगं." एका चैत्रात आमची अकरा मेंढरं गेली, दुसऱ्यांचं एकही गेलं नाही. बापानं ते मरेपर्यंत मिरवलं. गाव अजून त्याचं नाव काढतं.

तर गाड्यांचं असं होतं. एक देणगीदार संस्थेला दरवर्षी एक नवी गाडी द्यायचा. एकच. माझ्या आधी त्या गाडीवरून भांडणं व्हायची. ज्याचा आवाज मोठा त्याच्या रस्त्याला गाडी. मी आल्यावर ते बंद केलं आणि गुणांचा तक्ता काढला. गाडीचं वय, किलोमीटर, वर्षभरात वर्कशॉपमध्ये उभी राहिली ते दिवस, बॉडी आणि चासी, आणि रस्ता. प्रत्येकाला दहा गुण. जास्त गुण म्हणजे गाडी जास्त थकलेली. पस्तिसाच्या वर गेलेल्यांत जिचे सर्वांत जास्त, ती गाडी काढायची आणि नवी त्या रस्त्याला द्यायची. संचालकांना किलोमीटरच तेवढे कळायचे. त्यांना मी समजावून सांगितलं की हायवेचे चार लाख आणि घाटाचे दीड लाख यात घाटाचे भारी असतात. पेठची गाडी टॉप गिअरमध्ये पळते. वरची गाडी पहिल्या-दुसऱ्यात रडत चढते आणि ब्रेकवर उतरते. तिच्या क्लचला आणि ब्रेकला विचारा तिचं वय काय. म्हणून 'रस्ता' हे पाचवं खातं मी मुद्दाम घातलं होतं. तक्त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या दिवाळीच्या आधी तक्ता भरला. मीच गाड्यांखाली झोपून बघितलं, मीच भरला. पेठची एक नंबर, सदतीस. पिंपळवंडीची नवीच होती, पंधरा. आणि तीन नंबर एक्केचाळीस. शंकेला जागाच नव्हती. नवी गाडी जानेवारीत यायची होती आणि ती वर जायची होती.

मीटिंगच्या आधी चहा चालला होता. आमचे अध्यक्ष बाळासाहेब पेठचे. माणूस वाईट नाही, संस्थेसाठी पळतो, कुणाच्या एका पैशाला हात लावत नाही. त्यांनी बशी एका हातात धरून तक्त्यावर नजर टाकली आणि हसत म्हणाले, "तीन नंबरला एक्केचाळीस? दादाभाऊ, तुमच्या आशाताई त्याच गाडीत असत्यात ना?"

पुढं काही नाही. फुर्रकन बशीतला चहा संपवला आणि कांद्याच्या भावाचं बोलू लागले.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी तक्ता उचलला, 'एकदा गाडी बघून येतो' म्हणालो आणि शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. गाडी बघायचं काही नव्हतं. खिशातलं पेन काढलं. वर्कशॉपमध्ये बावीस दिवस उभी, त्याचे नऊ गुण दिले होते. पण त्यातले बारा दिवस पार्टची वाट बघण्यात गेले होते, आणि पार्ट उशिरा आला यात गाडीचा काय दोष? नवाचे पाच केले. रस्त्याला दहा दिले होते. पण घाट यंदा डांबरी झाला होता. दहाचे सात केले. डांबर पडलं होतं हे खरं. चढ तेवढाच होता. एकूण चौतीस. म्हणजे पस्तिसाच्या आत. वर्गात स्वतःच्या पोराला दोन छड्या जास्त मारणारे मास्तर मी पाहिलेत, त्यांना मी हसायचो.

मीटिंगला मी चौतीस वाचले. मला वाटलं बाळासाहेब विचारतील, मघाशी एक्केचाळीस होते ना म्हणून. त्यांनी विचारलं नाही. त्यांना आठवतही नसावं. नवी गाडी एकमतानं पेठला गेली आणि त्या दिवशी घरी येताना मला बरं वाटत होतं. कुणी बोट दाखवू शकणार नव्हतं. त्या बरं वाटण्याची मला आज शिसारी येते.

दोन दिवसांनी आशाचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "दादा, गाडी पेठला गेली म्हनं."

"हां. तक्त्यात तुमची जरा मागं पडली. पुढच्या वर्षी नक्की."

"मागं तर मागं. आमची चालतीय की. गोरख लई जपतो तिला."

गोरख तीन नंबरचा ड्रायव्हर. 'चालतीय की' ऐकलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी फोन ठेवला. जानेवारी संपता संपता गोरख शेडमध्ये आला आणि म्हणाला, "दादाभाऊ, घाटात क्लच धड सुटत न्हाई. दिवसाआखेर पाय मांडीपतुर दुखतो." मी क्लचप्लेट बदलली, पण तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट जुनीच ठेवली. गाडी पुढच्या वर्षी जाणारच, मग तिच्यात नवं सामान कशाला? असा हिशेब प्रत्येक वर्कशॉपवाला करतो. जायला टेकलेल्या गाडीला कुणी चांगलं सामान घालत नाही, आणि ती जायला टेकलेली नाही असं मीच लिहून दिलं होतं. दोन्हीकडून मीच.

एप्रिलमधला शुक्रवार. वरच्या गाडीचे पेशंट मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, सकाळच्या पहिल्या पाळीला. सव्वासहाला गोरखचा फोन आला. घाट उतरून पुढच्या चढावर क्लच पूर्ण गेला होता, गाडी जाग्यावर होती, आत सहाजण. बाकीच्या दोन्ही गाड्या आपापल्या रस्त्याला निघून गेल्या होत्या. मी जुन्नरमधल्या ओळखीच्या सगळ्या जीपवाल्यांना फोन लावले. लग्नाची दाट तीथ होती. एकूणएक जीप वऱ्हाडात. शेवटी भाजीचा एक पिकअप मिळाला, तोही माल उतरवून मोकळा झाल्यावर. सहाही पेशंट ताडपत्रीखाली बसून सेंटरला पोचले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. त्यांच्या मशीनवर दुसऱ्या पाळीचे पेशंट लागले होते.

सेंटरच्या सिस्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, "संध्याकाळी दोन मशीन मोकळ्या होतायत. उद्या दिवसभर फुल, परवा रविवार बंद. बाकीच्यांना सोमवारी सकाळी घेते. आज कोण दोघं ते तुम्ही सांगा."

सहाजण बाकावर बसले होते. त्यांत वरच्या वाडीतला सावळेराम होता, सत्तरीचा, आणि बाळंतपणात किडन्या गेलेली एक बाविशीची पोर होती. आशा टोकाला बसली होती. तिचे पाय सुजले होते, चपलेचा पट्टा रुतलेला दिसत होता. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. सिस्टरांना म्हणाली, "सावळेरामबाबांना घ्या आन् ह्या पोरीला."

ती बापाची पोरगी होती. आणि मी बापाचा पोरगा. मी सिस्टरांना म्हणालो, तेच दोघं घ्या.

शनिवारी सकाळी तिला फोन केला. म्हणालो, मी गाडी करतो, पुण्याला नेतो, तिकडं पैसे भरून लगेच होईल. तिनं विचारलं, "बाकीच्या तिघांना कोन नेतंय?" मी म्हणालो, त्यांचं त्यांची माणसं बघतील. ती म्हणाली, "मग मी बी सोमवारीच जाईन. एकलीला नेलंस तर गाडीत मला कुनाच्या तोंडाकडं बघवंल? पानी कमी पिते, झालं." दम लागत होता तिला, फोनवर कळत होतं. चारही जणांना नेऊ असं मला सुचायला हवं होतं. मोठी गाडी केली असती तर झालं असतं. ते सुचलं मला मंगळवारी, राख सावडून स्मशानातून परत आल्यावर.

रविवारी सकाळी प्रांजलचा फोन आला, आईला झोपून श्वास घेता येत नाही, उशीला टेकून बसलीय, ओठ निळे दिसतात. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून निघाले. मी नारायणगावाहून निघालो. जुन्नरच्या अलीकडं रस्त्यात दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. माझ्या गाडीतून उतरून मी त्यांच्या गाडीचं दार उघडलं तेव्हा प्रांजल आईचे पाय चोळत होती. आशाला जाऊन दहा मिनिटं झाली असतील. प्रांजलला ते कळलं नव्हतं आणि मला ते तिला सांगावं लागलं.

बाकीच्या तिघांचं सोमवारी डायलिसिस झालं. तिघंही ठीक आहेत. मला याचा राग येत नाही असं म्हणणार नाही.

संस्थेनं शोकसभा घेतली. आशाचा फोटो, हार, उदबत्ती. बाळासाहेब बोलायला उभे राहिले आणि मनापासून बोलले. खोटं नव्हतं ते. म्हणाले, "आमच्या दादाभाऊंकडं बघा. सख्खी बहीण तीन नंबरच्या गाडीत बसत होती. मनात आणलं असतं तर नवी गाडी तिकडं नेली असती, कुणी अडवणार नव्हतं. पण ह्या माणसानं नियम सोडला नाही. असा निःस्पृह माणूस आजच्या काळात दाखवा." लोकांनी माना डोलावल्या. शोकसभा होती म्हणून, नाहीतर टाळ्याही वाजवल्या असत्या. मी खाली मान घालून बसलो होतो आणि लोकांना ते दुःख वाटलं.

उठून सांगायला हवं होतं. नियमानंच ती गाडी तिची होती, नियम मीच मोडला, आणि तो तिच्या बाजूनं नाही तर तिच्याविरुद्ध मोडला. त्या खोलीतली सगळी माणसं मला चांगलं म्हणत होती आणि ते थांबवायचा धीर मला झाला नाही. बहीण गेली तरी खोड गेली नव्हती.

घडलेली गोष्ट देणगीदाराच्या कानावर गेली. त्यानं या वर्षी आणखी एक गाडी द्यायचं कबूल केलं. बाळासाहेबांनी मला बोलावून घेतलं, खुर्ची ओढून जवळ बसवलं आणि म्हणाले, "दादाभाऊ, आता तीन नंबरलाच देऊन टाकू. तक्ता भरा तुमी. आता काय हरकत न्हाई."

"आता म्हणजे?"

"म्हंजी, आता कोन बोलनारे?"

ते मला धीर द्यायला बोलत होते. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्यांच्या मनात नव्हतं, ते माझ्या मनात आलं. मी शेडमध्ये गेलो. वर्कशॉपमधले दिवस, दहापैकी दहा. रस्ता, दहा. बॉडी, वय, किलोमीटर, सगळं खरं लिहिलं. एकही आकडा खोडावा लागला नाही. आता त्या गाडीत माझं कुणी नव्हतं, त्यामुळं मला ती अगदी स्वच्छ दिसत होती.

मे महिन्यात नवी गाडी आली. वरातीमागून घोडं. पहिल्या दिवशी गोरखबरोबर मीही वर गेलो. सावळेराम काठी टेकत चढला, पुढच्या सीटवर बसला, गादीवर हात फिरवला. जरा वेळानं म्हणाला, "भाऊ, तुमची बहीन लई धीराची. आमी म्हनायचो, आपल्याला कवा भेटायची नवी गाडी? ती म्हनायची, तक्ता माझा भाऊ करतो. त्यो कुनाला जास्ती न्हाई देनार आन् कमी बी न्हाई देनार. नंबर लागला की येईल." मग तो खिडकीबाहेर बघत बसला. आशाचं गाव आलं तसा मी उतरलो.

गाडी पेशंट घेऊन खाली गेली आणि मी प्रांजलकडं थांबलो. जुना तक्ता बरोबर नेला होता, खाडाखोडीचा. दिवाळीपासून तो माझ्या टेबलाच्या खणात होता. तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, हे नऊ होते ते पाच केले, हे दहा होते ते सात केले. तिनं कागद दाराकडं, उजेडाला धरला. मेडिकलमध्ये चिठ्ठ्या वाचून तिची नजर खोडलेल्या अक्षराला सरावलेली आहे.

"एक्केचाळीस राहू दिले असते तर गाडी आम्हाला आली असती?"

"हो."

"जानेवारीत?"

"जानेवारीत."

ती कागदाकडंच बघत होती. "मग खोडले का, मामा?"

"लोक बोलले असते."

"काय बोलले असते?"

"की दादाभाऊनं बहिणीला गाडी दिली."

ती वाट बघत राहिली. तिला वाटत असावं की अजून काहीतरी असेल, मोठं काही, आईच्या जिवाच्या तोलाचं. मीही मनात शोधून पाहिलं. बाळासाहेब पाच मिनिटं हसले असते. पेठला दोन दिवस पारावर विषय निघाला असता. मग कांद्याचे भाव निघाले असते.

"एवढंच?" प्रांजल म्हणाली.

मी हो म्हणालो. तिनं कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली, आणि मामा आलाय म्हणून चहा टाकायला आत गेली.